स्लो धरत नाही!

कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं जुनं यंत्र असलेली) मारुती ८०० घाटात कुरकुरत नाही, हायवेवर रुसत नाही. तिचा मानभंग होतो तो नेमका लाल सिग्नलला. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिनाने मंद फिरत राहायचं, त्याला म्हणतात 'स्लो'. तो ती धरत नाही: आधी थरथर, मग शांतता आणि मागून हॉर्नचा सामुदायिक गजर. फुटपाथवरचा जाणकार लगेच सांगतो, "बॅटरी बदला साहेब." बॅटरीचा इथे काडीचाही संबंध नसतो.

मिस्त्री तर काही न बोलता थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाची हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, स्क्रू पिळतो. गाडी बंद पडायची थांबते, आपण खूश. माझ्या मते हे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर झटकणं! स्लोला इंजिनाचे फेरे मिनिटाला ८५०च्या आसपास हवेत, ते १४००वर जातात. दुखणं आत तसंच, पेट्रोलची चंगळ.

स्लोला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पेट्रोल येतं ते स्लो जेटमधून, आणि त्याचं भोक असतं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. त्याच वाटेवर सोलेनॉइड बसलेला, म्हणजे चावी ऑन केली की पेट्रोलची वाट उघडणारी विजेवरची झडप. आधी त्यालाच गाठावं, कारण तपासणी फुकट आहे: इंजिन बंद, चावी ऑन, त्याची वायर काढून परत लावायची. 'टक्' झालं तर स्वारी जिवंत. नाही झालं आणि वायरीत १२ व्होल्ट येतायत, तर सोलेनॉइड गेला.

टक् होऊनही स्लो धरत नसेल तर जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवा मारावी. तार घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी काळा धूर सोडत आपला सूड घेते.

तरीही तेच? मग कुठूनतरी हवा ओढतेय. डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याकडे) जाणारी व्हॅक्यूमची नळी टोकाशी तडकते. बोटाने वाकवली की चीर दिसते. कार्बोरेटरखालचं पॅकिंगही बघावं. इंजिन चालू ठेवून तिथे क्लीनरचा बारीक फवारा मारायचा. आवाज बदलला, तर चोर तिथेच. क्लीनर पेट घेतो, तेव्हा तापलेल्या सायलेन्सरपासून लांब. हलकी रेस धरायला मघाच्या जाणकाराला आत बसवावं, तोंड थोडं बंद राहतं.

शेवटी इंजिन गरम असताना मिक्श्चर स्क्रू, म्हणजे स्लोच्या पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा. बंद इंजिनावर अलगद आत, टेकला की थांबायचं, मग दोन फेरे बाहेर. चालू करून पाव-पाव फेरा फिरवत आवाज सर्वात गुळगुळीत लागेल तिथे सोडायचा. फेरे दाखवणारं मीटर या गाडीत नाहीच, त्यामुळे सगळी भिस्त कानावर. थ्रॉटलच्या स्क्रूला हात लावायचा तो आत्ता, त्याआधी नाही.