‘डबकं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

ऑस्ट्रियातल्या, व्हिएन्नाजवळच्या नॉइसीडल तलावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘कंबरभर गढूळ पाण्याच्या डबक्याला व्हिएन्नाकरांचा समुद्र म्हणून लोकांना फसवू नका. २०२२च्या ऑगस्टमध्ये जाऊन आलोय. तलावाकाठच्या पोडर्सडोर्फ गावाला रेल्वे जात नाही, खर्चही कमी दाखवलाय.’

रेल्वेचं तुमचं बरोबर. पुढे बस घ्यावी लागते, लेखात दुरुस्ती केली आहे. खर्च ज्याचा त्याने पाहावा.

पण ‘फसवू नका’? ही काय बोलायची रीत झाली? नऊ वर्षं मी व्हिएन्नात राहते. हिवाळ्यात गोठलेल्या त्या तलावावरून चालले आहे. ‘व्हिएन्नाकरांचा समुद्र’ हे नाव इथल्या लोकांचं आहे, मी ठेवलेलं नाही. आणि खोली जास्तीत जास्त जेमतेम १.८ मीटर, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथवर वाचलंत का?

गढूळ म्हणजे घाण नव्हे. भोवती सपाट माळ, त्यामुळे वायव्येचा वारा सुटला की उथळ पाणी तळापर्यंत घुसळलं जातं आणि बारीक गाळ वर येतो. पोडर्सडोर्फच्या काठाला बोरूचं उंच गवत नाही आणि हा वारा थेट अंगावर येतो, म्हणून तर विंडसर्फिंगसाठी शिडाच्या फळ्या घेऊन माणसं तिथे लोटतात. बाकी तलाव बोरूच्या रानाने वेढलेला. सुमारे ३१५ चौरस किलोमीटरपैकी निम्म्याहून अधिक जागा त्यानेच व्यापली आहे. मोठे बगळे आणि चपट्या चोचीचे चमचे पक्षी तिथे घरटी करतात. तलावाला पाणी मुख्यतः पावसाचं, आणि ते जातं ते बहुतेक वाफ होऊन. २०२२ साली पातळी फार खाली गेली होती. त्या एका दुपारवरून तुम्ही तलावाची किंमत ठरवून मोकळे झालात.

माझे बाबा निवृत्तीनंतर आमच्याकडे आले होते. पोहता येत नाही, त्यामुळे जन्मात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. त्या कोमट, उथळ पाण्यात ते दूरवर चालत गेले. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा वळून त्यांनी हात केला. लेखातला तिसरा फोटो तोच आहे. तुमचं ‘डबकं’ त्या फोटोखाली आहे. मी ते काढणार नाही, पण हे उत्तरही तिथेच राहील.