‘पाद्रीच्या कानात सांगितलं की सगळं माफ’ : हे खरं नाही

गोव्यात एक मजकूर मोबाईलवरून नेहमी फिरतो : “ख्रिस्ती लोकांचं बरं आहे. आठवडाभर हवं ते करा, शनिवारी पाद्रीच्या कानात सांगा, रविवारी पुन्हा स्वच्छ. असली श्रद्धा माणसाला काय बदलणार?” शेजारी राहूनही कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली देण्याचा कॅथलिक विधी, नेमका काय असतो हे अनेकांना ठाऊक नसतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘सांगितलं की माफ.’ सांगणं हा कुमसाराचा फक्त एक भाग. आधी मनाची झडती घ्यायची : बायबलमधल्या दहा आज्ञा एकेक करून, काय केलं आणि काय करायचं टाळलं ते पाहायचं. मग पश्चात्ताप, आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. त्यानंतर निवेदन, गंभीर पाप असेल तर कोणतं आणि किती वेळा, हेही सांगावं लागतं. ‘चुका झाल्या’ एवढं मोघम चालत नाही. मग पाद्री प्रायश्चित्त देतो आणि पापमुक्तीचे शब्द उच्चारतो. चर्चच्या 1983च्या कायद्याचं 987वं कलम निश्चयाची अट स्पष्ट घालतं. उद्यापासून तेच चालू ठेवायचं ठरवून आलेल्याला त्या शब्दांनी काहीच मिळत नाही.

‘दोन प्रार्थना म्हटल्या की हिशेब मिटला.’ सगळ्यात मोठा गैरसमज हाच. देवाची क्षमा फुकटच असते, ती विकत घेता येत नाही. पण दुसऱ्याचं केलेलं नुकसान क्षमेनं भरून निघत नाही, आणि ते शक्य तेवढं भरून देणं बंधनकारक आहे. चोरलेले पैसे मालकाला परत करायचे. तोंड दाखवायची गरज नाही, निनावी पाकिटातून दिले तरी चालतं. मालक वारला असेल तर वारसांना, कोणीच सापडत नसेल तर गरिबांना. चोरीचा पैसा फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, वर्गणीत घालून मोकळं होता येत नाही, कारण तो आपला नव्हताच. कुणाची खोटी बदनामी केली असेल तर ज्यांच्यापुढे केली त्यांच्यापुढेच ती मागे घ्यायची. हे पैशांपेक्षा खूप अवघड, आणि बहुतेक लोक इथेच अडतात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायला निघतो. माणूस बदलला हे तिथे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

‘पाद्री गुन्हे लपवतात.’ कुमसारात ऐकलेलं पाद्री कुणालाच सांगू शकत नाही, हे खरं. थेट फोडलं तर तो आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो. पण पापमुक्ती म्हणजे कोर्टातली सुटका नव्हे. त्यानं खटला मिटत नाही की शिक्षा कमी होत नाही.

‘तेच पाप पुन्हा पुन्हा, मग बदल कुठे?’ या प्रश्नात तथ्य आहे. पुन्हा पडण्याची भीती असणं म्हणजे निश्चय नसणं नव्हे. पण वाट न बदलता केलेला निश्चय टिकत नाही. दारू सोडायची आणि संध्याकाळ त्याच बारमध्ये त्याच मित्रांबरोबर घालवायची, तर आठवडाही निघणार नाही. म्हणून चांगला पाद्री विचारतो : कुठे, कोणाबरोबर, किती वाजता? आणि पहिली सोडायला लावतो ती ती जागा. व्यसन असेल तर डॉक्टरकडे आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकीलाही पाठवतो, कारण कुमसार हा औषधाला पर्याय नाही. वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी रांगेत उभं राहून घाईनं आटोपणाऱ्यात फरक दिसत नाही, याचं कारणही साधं आहे : गंभीर पापासाठी वर्षातून एकदा ही कायद्यानं घातलेली किमान मर्यादा आहे, सुधारण्याची रीत नव्हे. महिन्याला, शक्यतो एकाच पाद्रीकडे गेलं तर मागच्या वेळी काय ठरलं होतं आणि ते कुठे मोडलं, हे तिथल्या तिथे पाहता येतं.