काळा पडदा, गरम पीएलए आणि एक घाईचा सल्ला

कमोडोर 64 हा जुना घरगुती संगणक दुरुस्त करणाऱ्यांत एक सल्ला कायम फिरतो: "पडदा काळा आणि पीएलए चटका देतेय? मग तीच गेली. 27सी512 ईप्रॉम बर्न करून बसवा, झालं काम." (पीएलए म्हणजे कोणत्या वेळी कोणती चिप बोलेल हे ठरवणारी चिप; ईप्रॉम म्हणजे आपला डेटा भरता येणारी मेमरी चिप.)

"पडदा काळा म्हणजे पीएलए." ती वारंवार जाते, हे खरं. पण रॅम, रॉम, प्रोसेसर, रीसेट, यांपैकी काहीही बिघडलं तरी पडदा काळाच. आधी पॉवर सप्लाय मशीनला न जोडता मोजा. 5 व्होल्टच्या जागी 5.25 च्या वर दिसले तर जोडूच नका. जुना रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज चढतं आणि रॅम मरते; त्याच सप्लायवर नवी पीएलए लावाल तर तीही धोक्यात. सप्लाय ठीक असेल तर मशीन चालू करून 4164 या रॅम चिपवर मोजा: 5 व्होल्ट पिन 8, ग्राउंड पिन 16. नेहमीच्या 74 मालिकेतल्या 16 पिनांच्या चिपांच्या हे बरोबर उलट आहे, प्रोब जपून. मग 6510 या प्रोसेसरची पिन 40, म्हणजे रीसेट: चालू करताना क्षणभर शून्याजवळ, नंतर वर.

"चटका देतेय." मूळ पीएलए, म्हणजे 82एस100 चिप, बायपोलर (जास्त वीज खाणाऱ्या जुन्या तंत्राची) आहे, धडधाकट असतानाही तापते. हाताचा अंदाज रॅमसाठी बरा: आठांपैकी एकच 4164 जास्त तापत असेल तर संशय तिच्यावर.

"27सी512 बसवा." गणित जुळतं: पीएलएला 16 इनपुट, 8 आउटपुट; ईप्रॉममध्ये 65,536 बाइट. पिना मात्र जुळत नाहीत. 14 ला ग्राउंड आणि 28 ला 5 व्होल्ट समान असले तरी बाकी सगळ्या जागा जुळत नाहीत, म्हणून मधे अॅडॅप्टर बोर्ड लागतो. खरी गोम पुढे आहे. पत्ता बदलताना ईप्रॉमचे आउटपुट काही नॅनोसेकंद भरकटतात. रॅमचा कॅस सिग्नल (रॅमला पत्त्याचा दुसरा भाग घ्यायला सांगणारा) पीएलएतूनच जातो, तिथे असा झटका बसला की रॅममधला डेटा बिघडू शकतो. सुरुवातीचा नेहमीचा निळा पडदा येतो, बेसिक भाषा चालते, आणि एखादं कार्ट्रिज लावल्यावर मशीन अडकतं. निदानापुरतं ईप्रॉम ठीक. कायमसाठी याच मशीनकरता बनवलेली सीपीएलडीवरची (प्रोग्राम करता येणाऱ्या आधुनिक लॉजिक चिपवरची) पीएलए घ्या.

दुसऱ्या यंत्रातली 82एस100 काढून लावू नका. तिचे फ्यूज त्या यंत्रासाठी जाळलेले असतात. चिपवर कमोडोर 64 च्या पीएलएचा क्रमांक, 906114-01, शोधा. नंतरच्या 64सी मॉडेलच्या छोट्या बोर्डावर हा प्रश्नच नाही, तिथे पीएलए 64 पिनांच्या चिपमध्ये विलीन झालेली असते.

सॉकेट नसेल तर संशयित चिपचे पाय कापून एकेक काढा. अख्खी उपटाल तर ट्रॅक सोबत येतील.