पवनचक्कीला जडत्व नसतं म्हणे!

वीजव्यवस्थेवर चर्चा सुरू झाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्यात तीन विधानं असतात. पवनचक्क्यांना जडत्व नसतं, म्हणजे वीजपुरवठा अचानक घटला तर काही क्षण सावरून धरणारी, फिरत्या भागांत साठलेली ऊर्जा नसते. वारा क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) नाचते. आणि संगणकावरची मॉडेलं काहीही म्हणोत, 2016 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया अंधारात गेलं तेव्हा त्यांचं पितळ उघडं पडलं. तिन्हींत तथ्याचा एकेक तुकडा आहे, म्हणूनच ती खपतात.

"जडत्व नसतं." एवढाली पाती, हब, गिअरबॉक्स आणि जनित्र फिरत असताना त्यांत गतिज ऊर्जा नसेल कशी? ही साठलेली ऊर्जा संचाच्या पूर्ण क्षमतेने किती सेकंद पुरेल, यावरून जडत्व मोजतात. पवनचक्कीसाठी हा आकडा ढोबळमानाने 2 ते 6 सेकंद येतो, जलविद्युत संचासाठी 2 ते 4. म्हणजे कमतरता साठ्याची नाही. अडचण अशी की आजच्या चक्क्यांमध्ये रोटर (फिरणारा भाग) आणि ग्रिड यांच्यामध्ये कन्व्हर्टरचं, म्हणजे विजेचं रूप बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचं, नियंत्रण असतं. फ्रिक्वेन्सी घसरली तरी रोटरला त्याचा पत्ता लागत नाही. तो वाऱ्याला साजेशा वेगाने फिरत राहतो. जुन्या, ठरावीक वेगाच्या चक्क्यांचं जनित्र थेट ग्रिडला जोडलेलं असे आणि त्या आपोआप प्रतिसाद देत. तेव्हा नेमकं म्हणायचं तर जडत्व आहे, पण ग्रिडला ते दिसत नाही.

आणि ते दाखवता येतं. नियंत्रणाला फ्रिक्वेन्सीची घसरण ओळखायला लावायची आणि काही सेकंद रोटरमधली ऊर्जा जास्त काढून घ्यायची. इथे मला एक हिशेब फार आवडतो. 50 हर्ट्झच्या ग्रिडवर फ्रिक्वेन्सी 49 वर आली, तर औष्णिक संचाचा वेग फक्त 2 टक्के कमी होतो आणि साठ्यातली जेमतेम 4 टक्के ऊर्जा बाहेर येते. पवनचक्कीचा वेग ग्रिडला बांधलेला नाही. ती नेहमीच्या वेगाच्या 0.7 पट इतकी हळू झाली तर अर्ध्याहून थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. अर्थात, प्रत्यक्षात इतकं कुणी काढत नाही. जास्तीची वीज साधारण क्षमतेच्या 10 टक्क्यांच्या आसपास आणि तीही दहाएक सेकंदच मिळते. पण ही नुसती प्रयोगशाळेतली कल्पना नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये हायड्रो-क्वेबेक या वीज कंपनीने 10 मेगावॅटहून मोठ्या पवन प्रकल्पांना असा प्रतिसाद 2000 च्या दशकातच बंधनकारक केला.

"वारा बदलतो म्हणून फ्रिक्वेन्सी नाचते." हे लवकर निकाली निघतं. जड रोटर झुळकांचे धक्के स्वतःच पचवतो, शिवाय शेकडो चक्क्यांवर एकच झुळूक एकाच क्षणी येत नाही. मोठा संच बंद पडल्यावर फ्रिक्वेन्सीचं भवितव्य पहिल्या काही सेकंदांत ठरतं. त्या अभ्यासात वाऱ्याचा वेग सरळ स्थिर धरतात आणि त्याने फारसं बिघडत नाही. वाऱ्यातले तासांचे चढउतार हा राखीव क्षमतेचा आणि अंदाजाचा प्रश्न आहे, जडत्वाचा नव्हे.

आता दक्षिण ऑस्ट्रेलिया. 28 सप्टेंबर 2016 रोजी वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले आणि दोन मिनिटांत व्होल्टेजला सहा गचके बसले. प्रत्येक गचक्यातून तरून जायला चक्क्या सक्षम होत्या. पण बहुतेक प्रकल्पांच्या सेटिंगमध्ये एक मर्यादा होती: ठरावीक वेळात ठरावीक गचके झाले की उत्पादन कमी करायचं. ती ओलांडली गेली आणि सात सेकंदांहून कमी वेळात 456 मेगावॅट गेले. तो सगळा भार शेजारच्या राज्याला जोडणाऱ्या वाहिनीवर पडला, ती संरक्षणासाठी आपोआप बंद झाली आणि फ्रिक्वेन्सी इतक्या वेगाने कोसळली की काही ग्राहकांची वीज कापून भार तोडणाऱ्या यंत्रणेला सावरायला अवधीच मिळाला नाही.

ही मर्यादा ग्रिड चालवणाऱ्या संस्थेला माहीतच नव्हती, म्हणजे तिच्या मॉडेलमध्ये असण्याचा प्रश्नच नव्हता. या घटनेतून "मॉडेलं फोल असतात" असं कसं निघतं? जे मॉडेलमध्ये घातलंच नाही, ते मॉडेल सांगणार कुठून? पुढे सेटिंग बदलण्यात आली. ब्रिटनमध्ये 9 ऑगस्ट 2019 रोजी वाहिनीवर आकाशातली वीज पडल्यानंतर हॉर्नसी हा समुद्रातला पवन प्रकल्प 799 वरून 62 मेगावॅटवर आला, त्यातही दोष व्होल्टेज नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. वारा दोन्ही ठिकाणी वाहतच होता. कमकुवत ग्रिडमधलं असं झटपट नियंत्रण नेहमीच्या सोप्या मॉडेलमध्ये उमटत नाही. त्यासाठी विद्युतचुंबकीय क्षणिक बदल टिपणारं, निर्मात्याच्या खऱ्या नियंत्रणासह बनवलेलं मॉडेल लागतं. ते चालवायला वेळ खातं, म्हणून टाळलं जातं. टीका करायचीच तर या टाळाटाळीवर करावी.

त्या फिरणाऱ्या मजकुरात न आलेला एक खरा आक्षेप मीच नोंदवतो. ऊर्जा काढल्यावर रोटर मंदावतो, वाऱ्याशी त्याचा जुळलेला वेग बिघडतो आणि पूर्वपदावर यायला तो ग्रिडला देतो त्यातलीच वीज कापतो. परिणामी फ्रिक्वेन्सीला दुसरी घसरण लागते, कधी पहिलीहून खोल. मॉडेलच्या समीकरणात जडत्वाचा आकडा नुसता वाढवून पवनचक्की "बसवली", तर ही दुसरी घसरण दिसतच नाही. उपाय आहेत: रोटर टप्प्याटप्प्याने सावरू द्यायचा, किंवा चक्की आधीच थोडी कमी क्षमतेवर चालवून राखीव ठेवायची. दुसऱ्या उपायात वर्षभर थोडी वीज सोडून द्यावी लागते, आणि तिचे पैसे कुणी भरायचे यावर खरा वाद आहे.