सोडूनच द्यायचा, तर पकडायचा कशाला?

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला राहायला आलो तेव्हा डी नदीत कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास गळाची काठी धरून उभ्या असलेल्या माणसांचे मला हसू येत असे. एवढ्या खटाटोपाने पकडलेला सॅमन पुन्हा नदीतच सोडायचा, हे बाजारातून आणलेला मासा दारातूनच परत पाठवण्यासारखे वाटे.

एकदा शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी मला बरोबर नेले. गळाचा उलटा काटा त्यांनी आधीच पकडीने दाबून सपाट केला होता. मासा दमून जवळ आला तसे त्यांनी हात भिजवले, त्याला पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवला आणि तोंड प्रवाहाकडे करून तो तळहातांवर नुसता तोलून धरला. कल्ल्यांची उघडझाप हळूहळू पूर्ववत झाली. मग शेपटीचा एक फटकारा, आणि हात रिकामे. (नदीत शिरलेला सॅमन काही खातच नाही, मग गळाला आमिष म्हणून लावलेल्या पिसांच्या खोट्या माशीवर तो झडप का घालतो, याचे पक्के उत्तर त्यांच्याकडेही नव्हते.)

२०२३ साली स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेले सॅमन ३२,४७७ भरले. १९५२ मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा नीचांक, आणि त्यांतलेही बहुतेक सोडून दिलेले. त्याच वर्षाच्या अखेरीस आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन संकटग्रस्त ठरवला. अशा वेळी गळावर सरसकट बंदीची मागणी करणे सोपे आहे, पण मला ती पटत नाही. नदी सांभाळणाऱ्या मंडळांचा खर्च मुख्यतः मासेमारीच्या हक्कदारांकडून घेतलेल्या पट्टीतून चालतो, आणि पाणी थंड राहावे म्हणून डीच्या वरच्या ओढ्यांकाठी झाडे लावण्याच्या कामातही याच मंडळींचा हात आहे. काठ्या हटल्या, तर नदीकडे रोज पाहणारे डोळेही हटतील.

मात्र सोडलेला प्रत्येक मासा जगतोच, ही समजूतही सोयीची आहे. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे गळाशी झुंजून थकलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. म्हणून नदी बंद ठेवण्याचा निर्णय हौशी माणसाच्या मर्जीवर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. परतणारे मासे फारच कमी दिसताच नॉर्वेने जून २०२४ मध्ये, ऐन हंगामात, ३३ नद्या बंद केल्या. तेवढी धमक इथेही हवी.

शेजारी हल्ली जुलैत आधी थर्मामीटर पाण्यात बुडवतात. आकडा विसाच्या जवळ दिसला, की काठी गाडीतून बाहेरच निघत नाही.