‘छोट्या कारखान्यांना घातक कचऱ्यातून सूट’ : खुलासा

‘व्हाइट कॅटेगरीतल्या लघुउद्योगांना घातक कचऱ्याचे नियम लागू नाहीत, जळकं तेल कुठल्याही भंगारवाल्याला द्या,’ असा मेसेज कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. (व्हाइट म्हणजे सर्वांत कमी प्रदूषण करणाऱ्या उद्योगांचा वर्ग.) त्यात खरं आहे ते अर्धंच.

मार्च 2019 मध्ये 2016 च्या घातक कचरा नियमांत दुरुस्ती झाली. ज्या उद्योगांना पाणी आणि हवा कायद्याखाली संमतीपत्र (प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारखाना चालवायची परवानगी) लागत नाही, त्यांना घातक कचऱ्यासाठीच्या वेगळ्या प्राधिकारपत्रातून (मंडळाच्या परवान्यातून) सूट मिळाली. पण त्यालाच जोडून अट आहे: कचरा अधिकृत वापरकर्ता, संकलक किंवा विल्हेवाट केंद्राकडेच गेला पाहिजे. मेसेजमध्ये नेमकं हेच वाक्य गाळलंय. शिवाय संमतीपत्र लागणाऱ्या ऑरेंज किंवा रेड (जास्त प्रदूषणाच्या) वर्गातल्या युनिटला ही सूट नाहीच, मग कामगार चारच का असेनात.

हायड्रॉलिकचं वापरलेलं तेल, प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) टाकीतला गाळ, रंगाचे रिकामे डबे हे सगळं घातक कचऱ्यात येतं. प्लेटिंगचा गाळ नाल्यात गेला तर क्रोमियम, निकेल थेट विहिरीपर्यंत पोचतात. त्या पाण्यावर आपलीच माणसं जगतात, म्हणून हे कळकळीनं लिहितोय.

तेल देताना समोरच्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र आणि त्याची मुदत बघा, प्रत जपून ठेवा. लेथचा चुरा रात्रभर जाळीच्या ट्रेमध्ये निथळू द्या. खाली साचलेलं कूलंट (धातू कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते द्रव) गाळून परत मशीनला चालतं, तेवढीच खरेदीही वाचते.