जिरं, आणि तेही मला!

राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय. शनिवारी क्यूबन पद्धतीचे पोर्क चॉप्स करायचं मनात आलं आणि हायलियातल्या एका दुकानात गेले. मायामीला खेटून असलेल्या या गावात इंग्रजीवाचून कुणाचं अडत नाही, स्पॅनिशवाचून अडतं. टोपलीत चॉप्स, लसूण आणि मोहोची तयार बाटली टाकली. मोहो म्हणजे कडवट-आंबट संत्र्याचा रस, लसूण, जिरं, ओरेगानो आणि तेल. त्यात मांस मुरवायचं, संपलं.

तेवढ्यात एक हात आला आणि माझी बाटली उचलून परत फळीवर ठेवून दिली. हात एका आजीबाईंचा. गळ्यात क्रूस, केसांना ताजा कलप.

"नो, मिहा, नो." मिहा म्हणजे पोरी.

आणि शिकवणी सुरू. लसूण मिठाबरोबर खलबत्त्यातच कुटायचा. रस ताजाच हवा. वर कडकडीत तेल ओतायचं, चर्रर्र झालं पाहिजे. तो आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला, इतका मनापासून की शेजारच्या ढकलगाडीतलं पोर रडायला लागलं. फोडणी घालण्यात माझा जन्म गेला, तरी मी मान डोलावली. मग त्यांनी एक पुडी फोडली (पैसे न देता!), माझ्या नाकाशी धरली आणि बहिऱ्याला सांगावं तसं म्हणाल्या, "को-मी-नो. यू नो?"

जिरं! मला!

अहो, मी वसईची. डुकराचं मटण खातच मोठी झाले. नाताळात आमची आजी व्हिनेगर घालून इंद्याल करायची. ती कुणाला स्वयंपाकघरात फिरकू द्यायची नाही, पण जिऱ्याचा वास घ्यायला तिनेही कधी लावलं नाही. या देशात माझा चेहरा बघून प्रत्येकजण काहीतरी ठरवूनच येतो. ऑफिसात सगळे मला योगासनं विचारतात, पार्टीत माझ्या पुढ्यात न विचारता गाजर-काकडी ठेवतात. हसून हसून गाल दुखतात हो.

तरी नम्रपणे विचारलं, "मिरची किती घालू?" आजीबाईंनी क्रुसाची खूण केली.

पुढे खरा कहर. आंबट संत्र्यांच्या खोक्यात मोजकीच उरली होती. फ्लोरिडातल्या बागांना २००५ पासून ग्रीनिंग रोगाने पोखरलंय, संत्री आधीच महाग. आजीबाईंनी एकेक दाबून, हुंगून पाहिलं आणि सगळी स्वतःच्या गाडीत भरली. माझ्यासाठी एक बुरशी आलेलं सोडलं. "लिमोन," असं म्हणून गालावर थोपटलं आणि गेल्या.

घरी अर्धा साध्या संत्र्याचा, अर्धा लिंबाचा रस घेतला. दोन तासच मुरवलं. पातळ चॉप आंबटात रात्रभर ठेवला की वरून पिठूळ होतो. तव्यावर टाकले, थर्मामीटर खुपसला, १४५ फॅरनहाइट झाल्यावर उतरवून तीन मिनिटं तसेच ठेवले, वर कांद्याच्या चकत्या.

आणि हो, मोहोत हिरव्या मिरच्या घातल्या होत्या. ठेचून. बियांसकट.